ठेका धरणारा पुढे कसा येतो?

प्रश्न : आमचं घराणं चार पिढ्यांपासून जबलपूर जिल्ह्यात आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मी शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आता शहपुऱ्यात असतो. माझा नातू लग्नसराईत जबलपूरच्या एका बँडबरोबर साइड ड्रम वाजवतो. परवा तो सांगत होता की शोभा गुर्टूंचा मुलगा परदेशात जॅझमध्ये ड्रम वाजवतो आणि त्याचा स्वतःचा बँड आहे. शोभाताईंची ठुमरी मी रेडिओवर मनसोक्त ऐकली आहे, पण हे मला ठाऊक नव्हतं. माझे वडील भजनात तबला वाजवायचे. तबलजी म्हणजे साथीदार, हे आमच्या मनात पक्कं बसलेलं. मग ड्रम वाजवणारा माणूस बँडचा प्रमुख होतो तरी कसा? आणि ठुमरीच्या घरातला मुलगा जॅझकडे गेला कसा?
— एक वाचक, शहपुरा (जि. जबलपूर)

उत्तर : तुमच्या नातवानं सांगितलं ते अगदी खरं आहे. त्या वादकाचं नाव त्रिलोक गुर्टू. त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. १९७० च्या दशकात ते युरोपात गेले, जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये त्यांनी घर केलं, आणि गेली तीसहून अधिक वर्षं ते स्वतःच्या नावानं बँड चालवत आले आहेत. तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सुरुवात गुर्टूंपासून न करता तुमच्या नातवाच्या गळ्यातल्या साइड ड्रमपासून करतो.

वरातीचा बँड डोळ्यांसमोर आणा. एकाच्या गळ्यात साइड ड्रम, दुसऱ्याच्या पोटावर मोठा ढोल, तिसऱ्याच्या हातात झांजा, आणि त्यांच्या जोडीला ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम. ही मांडणी पलटणीच्या बँडवरून आली. जबलपुरात ग्रेनेडियर्सचं आणि जम्मू-काश्मीर रायफल्सचं केंद्र आहे, तेव्हा पलटणीचा बँड तुम्हाला नवा नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाजत जाणारे बँड याच घडणीचे होते, आणि जॅझ वाढलं ते त्यांच्या अंगाखांद्यावर. हे बँड रस्त्यावरून नाचघरात आले तेव्हा जागा कमी आणि बिदागीही कमी. तिघांचं काम एकानं करायची वेळ आली. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी मोठा ढोल पायानं वाजवायचं चपळ पेडल बनवलं आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले. पुढे डाव्या पायाखाली दोन झांजा एकमेकींवर मिटणारा हाय-हॅट आला. आज आपण ज्याला ड्रम-सेट म्हणतो तो हाच : साइडवाला, ढोलवाला आणि झांजवाला, तिघंही एकाच स्टुलावर बसलेले.

म्हणजे ड्रमवादक एकटा दिसला तरी त्याच्या अंगात एक छोटा बँड असतो. त्या बँडला शिस्त लावणं हे त्याचं रोजचं काम. जॅझमध्ये उजवा हात मोठ्या झांजेवर ‘टिंग, टिंग-टि-टिंग, टिंग-टि-टिंग’ असं धरून ठेवतो. डावा पाय चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट मिटतो. घरी मांडीवर करून पाहा. तोंडानं एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी फक्त दोन आणि चारवर द्या. भजनात समेवर वजन टाकायची सवय असलेल्या हाताला पहिली दोन-तीन मिनिटं चुकल्यासारखं वाटेल. मग एकदम अंग हलायला लागेल. त्या हलण्यालाच जॅझवाले ‘स्विंग’ म्हणतात.

हे झालं धरून ठेवण्याचं काम. डावा हात आणि उजवा पाय तेवढ्यात आणखी काही करत असतात. ते गाणाऱ्या-फुंकणाऱ्याला उत्तर देतात. ट्रम्पेटवाला वाक्य अर्धं सोडतो, तिथे साइड ड्रमवर एक थाप पडते. पियानोवाला जोर वाढवतो, तशी झांज उघडत जाते. नंतर एक वेळ अशी येते की ट्रम्पेट चार मापं, म्हणजे चार-चार मात्रांचे चार गट, वाजवतो, ड्रम चार मापं, पुन्हा ट्रम्पेट, पुन्हा ड्रम. आपल्या लावणीतल्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी असा तो प्रकार असतो. यात गाण्याची लय, आवाजाचा चढ-उतार आणि कोणी कधी थांबायचं, हे सगळं मागे बसलेल्या माणसाच्या हातात येतं. स्टेजच्या पुढे कोणीही उभा राहो, गाडी हाकणारा मागेच असतो.

म्हणून जॅझच्या इतिहासात ड्रमवादक प्रमुख झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय नृत्यगृहाचा राजा मानला गेला तो चिक वेब. लहानपणी मणक्याला क्षय झाल्यामुळे त्याची उंची खुंटली होती, पाठ वाकली होती. पण १९३७ मध्ये बेनी गुडमनच्या त्या काळी सर्वांत गाजत असलेल्या बँडशी सॅव्हॉयमध्ये सामना झाला तेव्हा लोकांनी कौल दिला तो वेबच्या बाजूनं. एला फिट्झजेराल्ड ही थोर गायिका पुढे आली ती त्याच्याच बँडमधून. १९३९ मध्ये तो गेला, तेव्हा बँड तिच्या नावानं चालू राहिला. दुसरं नाव आर्ट ब्लेकी. १९५० च्या दशकापासून १९९० मध्ये मरेपर्यंत त्यानं ‘जॅझ मेसेंजर्स’ हा बँड चालवला. वेन शॉर्टर, ली मॉर्गन, विन्टन मार्सालिस असे एकापेक्षा एक वादक त्यात तयार झाले. त्या बँडला लोक जॅझची शाळाच म्हणत, आणि त्या शाळेचे मास्तर ड्रमच्या मागे बसलेले असत.

आता त्रिलोक गुर्टूंकडे येतो.

शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या. माहेरच्या भानुमती शिरोडकर, जन्म १९२५ चा. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी होत्या आणि गाण्यात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. शोभाताईंचं सुरुवातीचं शिक्षण कोल्हापूरला, अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे झालं. ठुमरी-दादरा त्यांना घम्मन खाँ यांच्याकडून मिळाला. अशा घरात त्रिलोक वाढले आणि लहानपणीच तबल्यावर बसले. शाह अब्दुल करीम हे त्यांचे तबल्यातले गुरू.

‘तबलजी साथीला’ ही तुमची समजूत ठुमरीच्याच मैफलीत एकदा तपासून पाहा, शोभाताईंना ऐकलेल्या माणसाला ती अपुरी आहे हे लगेच पटेल. ठुमरी चालते दीपचंदीत किंवा जत तालात, सावकाश. गायिका एकेका शब्दाला वळणं देत असते आणि तबला खाली मान घालून ठेका सांभाळत असतो. शेवटाकडे मात्र चित्र पालटतं. लय वाढून केरव्याच्या अंगानं जाते, गायिका मुखडा धरून उभी राहते आणि तबला लग्गी सुरू करतो. त्या दोन-चार मिनिटांत सगळ्यांचे कान तबल्यावर असतात. तो वाट्टेल तितका धावतो, तिहाई घेतो, समेवर येतो आणि गायिकेला पुन्हा मूळ लयीत अलगद आणून सोडतो. तो परत आणून सोडण्याचा क्षण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मोकळं सुटल्यावरही गाणं कुठे ठेवलं होतं हे ज्याला आठवतं, त्याच्या हाती गाणं सोपवायला हरकत नाही. ज्या मुलाच्या कानावर ही लग्गी घरातच पडत होती, त्याला जॅझमधला ड्रमचा सवाल-जवाब परका वाटण्याचं कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट घडली ती एका गैरसमजातून. तरुण त्रिलोक परदेशी रेकॉर्डी ऐकून पाश्चात्त्य संगीत शिकत होते. स्टुडिओत एकच वादक एकावर एक असे अनेक थर ध्वनिमुद्रित करू शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, ऐकू येतंय ते सगळं एकाच वेळी वाजवलेलं आहे. मग त्यांनी ते सगळं एकाच वेळी वाजवायचा सराव केला! अमेरिकन गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सवरच्या १९९५ च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. ज्याला तंत्र ठाऊक होतं तो असल्या फंदात पडलाच नसता. ड्रम-सेटचा जन्म तिघांचं काम एकानं करण्यातून झाला हे मघाशी सांगितलं. गुर्टूंनी तीच वाट अजाणता आणखी पुढे नेली.

त्या काळच्या मुंबईत जॅझ नवखं नव्हतं. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन आला होता. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक मुंबईत आणि कलकत्त्यात वाजवायचा. तुमच्या शहपुरा-भिटोनी स्थानकावरून जाणारा लोहमार्ग हीच दोन शहरं जोडतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेली मुलं मुंबईत येऊन या बँडांत शिरली. ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड वर्षानुवर्षं वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं ट्रम्पेट वाजवत आणि बँड चालवत. आपल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यांना सोबत घेतलं, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात तो ताल सगळ्या देशाच्या पायांत गेला. कावस लॉर्ड यांच्यासारखे तालवादक चित्रपटाच्या स्टुडिओंत वाजवून गेले. मात्र त्यांची नावं तबकडीवर आली नाहीत. तुमच्या पिढीनं त्यांचा ताल ऐकला, नावं ऐकली नाहीत. ड्रमवादक म्हणून भारतात भाकरी मिळत होती, पण स्वतःच्या नावाचं संगीत करायला त्या काळी बाहेर पडणं भाग होतं.

युरोपात गुर्टूंनी सुरुवात केली ती साथीनंच. ट्रम्पेटवादक डॉन चेरी, सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो, गिटारवादक तेर्ये रिपदाल अशा मंडळींबरोबर ते वाजवत राहिले. ‘एम्ब्रियो’ या जर्मन बँडच्या ‘अपो-कॅलिप्सो’ या १९७७ च्या तबकडीवर ते आहेत, आणि त्याच तबकडीवर शोभाताईंचा आवाजही आहे. मुलगा आईचं बोट सोडून गेला नव्हता. तो आईलाच आपल्या नव्या गावी घेऊन आला होता.

१९८४ च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीत एका रस्ता-अपघातात कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकन वादक गेला. ‘ऑरेगन’ या नावाजलेल्या चौकडीचा तो तालवादक. तो रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखा खाँसाहेबांकडे तबला शिकला होता. त्याच्या जागी पुढे बसले ते त्रिलोक गुर्टू. तबला शिकलेल्या अमेरिकन माणसाची जागा मुंबईहून ड्रम घेऊन गेलेल्या माणसानं घ्यावी, यात मला फार हृद्य असं काही वाटतं. ऑरेगनच्या तीन तबकड्यांवर गुर्टू आहेत. गेलेल्या मित्राच्या जागी बसून त्याची नक्कल न करणं आणि त्या जागेचा मानही राखणं, ही साथीदाराची फार मोठी परीक्षा असते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी तिघांचा संच बांधला : गिटार, बास आणि गुर्टू. १९८९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तिघांतच सगळं असल्यानं ड्रमला लपायला जागा नाही.

गुर्टूंची बैठक पाहण्यासारखी असते. ड्रमवादक सहसा स्टुलावर बसतो. हे गुडघे टेकून, जवळजवळ जमिनीलगत बसतात, आपल्याकडे तबल्याला बसावं तसे. समोर ड्रम आणि झांजा, हाताशी तबला, घंटा, शिंपल्यांच्या माळा, आणि बाजूला पाण्यानं भरलेली बादली. हो, साधी बादली. घंटेसारखी तबकडी ठोकून ते ती वाजत असतानाच पाण्यात बुडवतात. तबकडी खाली जाते तसा तिचा सूर वाकतो, खाली सरकतो; वर काढली की पुन्हा उभा राहतो. शिंपल्यांची माळ पाण्यातून ओढली की खळखळ ऐकू येते. धातूच्या ठोक्याला सुरांमधली मींड द्यायचा हा उपाय. गाणाऱ्या आईच्या घरात वाढलेल्याला, ठोक्यालाही सुरासारखं वळण हवं असं वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

आणि मध्येच ते वाजवायचं थांबवून बोल म्हणतात, तोंडानं, भरधाव. तुमच्या वडिलांनी भजनाचा ठेका आधी तोंडानं म्हणून मग हातात घेतला असेल. तीच पढंत लंडनच्या त्या सभागृहात ड्रमच्या बरोबरीनं वाजते.

त्याच सुमारास त्यांची स्वतःच्या नावाची पहिली तबकडी आली, ‘उस्फ्रेत’. प्रमुख म्हणून पहिल्यांदा पुढे येताना कोणाला सोबत घ्यावं? डॉन चेरी होते, ऑरेगनचे राल्फ टाउनर होते, आणि शोभा गुर्टू होत्या. इथे आई गाते आणि मुलगा वाजवतो, पण मांडणी मुलाची आहे. ठुमरीच्या शेवटच्या लग्गीत तबल्याला मिळणारी ती दोन-चार मिनिटं इथे सबंध तबकडीभर पसरली आहेत, असं ऐकताना मला जाणवतं.

१९९१ च्या ‘लिव्हिंग मॅजिक’वर यान गार्बारेक, १९९३ च्या ‘क्रेझी सेन्ट्स’वर जो झाविनुल आणि पॅट मेथेनी अशी जगातली बिनीची माणसं त्यांच्या हाताखाली वाजवून गेली. ‘डाउनबीट’ या अमेरिकेतल्या जुन्या जॅझ मासिकात समीक्षकांचा कौल दरवर्षी घेतला जातो. त्यात सर्वोत्तम तालवादक म्हणून गुर्टूंचं नाव अनेकदा आलं. एकाच तबकडीची नक्कल मात्र त्यांनी पुढे काढली नाही. ‘आफ्रिकन फँटसी’त आफ्रिकेतल्या गायिका आहेत. ‘ब्रोकन रिदम्स’मध्ये सायबेरियाच्या तुवा प्रांतातले, घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारे गायक आहेत. २०१३ ची ‘स्पेलबाउंड’ ही तबकडी तर त्यांनी ट्रम्पेटवादकांच्या सन्मानार्थ केली. डॉन चेरी, डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस यांची आठवण म्हणून त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या ट्रम्पेटवादकांना बोलावलं आणि आपण त्यांच्यामागे ठेका धरून बसले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला या तबकडीत मिळतं. बँड स्वतःचा, नाव स्वतःचं, आणि सन्मान ट्रम्पेटवाल्यांचा. गुर्टू प्रमुख झाले म्हणून साथीदार राहिले नाहीत, असं झालं नाही. साथ करता करता प्रत्येकाचं काम आतून कळलं, म्हणून प्रमुखपण पेललं. गाणाऱ्याला कुठे श्वास लागतो, फुंकणारा कुठे दमतो, कोणाला आत्ता मोकळं सोडायला हवं, हे ठेका धरणाऱ्याइतकं कोणाला कळत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष दुसऱ्यांकडे असतं. आपल्याकडे साथीदार या शब्दाला एक खालची पायरी चिकटली आहे. ती काढून टाकायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

नातवासाठी दोन गोष्टी सांगतो. ऐकायचं असेल तर आधी ‘रिच आ ला रखा’ ऐकावं. १९६८ ची ही तबकडी अमेरिकन ड्रमवादक बडी रिच आणि आपले अल्लारखा खाँसाहेब यांची आहे. ड्रम आणि तबला एकमेकांशी कसे बोलू लागले ते तिच्यात कळतं. मग रॉयल फेस्टिव्हल हॉलची मैफल, मग ‘उस्फ्रेत’. सराव करायचा असेल तर तुमच्या वडिलांचा भजनी ठेका तुम्ही त्याला तोंडी शिकवा. तुम्हाला वाजवता येत नसला तरी म्हणता येत असेल. त्यानं तो आधी म्हणावा, मग साइड ड्रमवर काढावा. चार पिढ्यांनी जपलेल्या मराठीइतकाच तोही तुमच्या घरचा ठेवा आहे.

आणि पुढच्या वरातीत जरा कडेला उभे राहून पाहा. एक गाणं संपतं, दुसरं अजून सुरू झालेलं नसतं, नाचणारे क्षणभर थांबतात. त्या क्षणी ट्रम्पेटवाला ओठांपाशी ट्रम्पेट नेऊन एका बाजूला नजर टाकतो आणि थांबतो. साइड ड्रमवर काठ्या पडतात, मग सगळे निघतात. तो कोणाकडे बघत होता, ते तुम्हाला तिथेच दिसेल.